दोन हद्दी, एकच हात: पोलिसांच्या सामायिक नोंदींतून गुन्हे कसे जुळतात

सिन्नरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "घोटीच्या बाजूला एक खून होतो, काही महिन्यांनी शेजारच्या जिल्ह्यात तशाच पद्धतीने दुसरा. सगळी पोलीस ठाणी संगणकाने जोडलीत म्हणता, मग दोन्ही एकाच माणसाचं काम आहे हे पोलिसांना लगेच का कळत नाही? आणि कळतं तेव्हा कशावरून कळतं?"

आधी सरळ उत्तर देतो. संगणक गुन्हे जोडत नाही. विचारलं तर तो यादी काढून देतो, आणि ती यादी कितपत कामाची हे त्या रात्री ठाण्यात नोंद करायला कोण बसलं होतं आणि त्याने काय काय लिहिलं यावर ठरतं. माझी बहुतेक नोकरी नाशिक ग्रामीणला झाली, त्यातली बरीचशी स्थानिक गुन्हे शाखेत. तपासात यंत्रामुळे जे अडलं त्यापेक्षा नोंदीमुळे जे अडलं ते कितीतरी जास्त, हे माझं पक्कं मत आहे.

आता सविस्तर.

देशभरातली पोलीस ठाणी ज्या जाळ्यावर आहेत ते सीसीटीएनएस. २६/११ नंतर, २००९ मध्ये, केंद्राने त्याला मंजुरी दिली. त्याआधी ठाण्यांत सीपा नावाची प्रणाली होती, पण ती ठाण्यापुरती. पंचवटीच्या संगणकात काय आहे ते भद्रकालीला दिसायचं नाही, इगतपुरी तर लांबच. आता गुन्ह्याची खबर, अटक, जप्त मुद्देमाल, दोषारोपपत्र, न्यायालयाचा निकाल या सगळ्यांचे ठरलेले नमुने आहेत आणि ते भरले की नोंद राज्याच्या आणि तिथून देशाच्या साठ्यात जाते. यातला पहिला नमुना म्हणजे एफआयआर, सगळ्यांना माहीत असलेला. गुन्हे जुळवायच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा दुसरा, गुन्ह्याच्या तपशिलाचा. घटनास्थळ कसं होतं, आत शिरले कसे, हत्यार कोणतं, काय बोलले, काय नेलं, काय तसंच सोडलं. पहिला नमुना भरल्याशिवाय गुन्हा दाखलच होत नाही, म्हणून तो भरला जातो. दुसरा भरायला सवड लागते.

निफाड किंवा दिंडोरी भागात मळ्यातल्या वस्तीवर रात्री मारहाण करून लूट झाली, त्यात म्हातारा माणूस दगावला, असं समजा. फिर्याद साधारण अशी उतरते: "यातील फिर्यादी व त्यांचे पती हे घरात झोपलेले असताना अज्ञात चार ते पाच इसमांनी दरवाजाची कडी तोडून आत प्रवेश करून लाकडी दांडक्याने मारहाण करून सोन्याचे दागिने व रोख रक्कम बळजबरीने चोरून नेली." कायद्याला हवं ते सगळं यात आहे. पण हेच वाक्य, नावं बदलून, राज्यातल्या कितीतरी गुन्ह्यांत सापडेल. संगणकात ते टाकून शोध घेतला तर गठ्ठाभर गुन्हे समोर येतील आणि हातात काहीच लागणार नाही.

तीच म्हातारी दोन दिवसांनी दवाखान्यात नीट बोलते. सांगते की शेजारच्या दोन्ही घरांच्या कड्या बाहेरून दोरीने बांधल्या होत्या. कुत्रं भुंकलं नाही. दांडकं त्यांनी आणलं नव्हतं, गोठ्यातलंच घेतलं. एक जण बाहेरच थांबून दर थोड्या वेळाने शीळ घालत होता. जाताना त्यांनी चुलीजवळची भाकरी खाल्ली, आणि मंगळसूत्र तोडताना त्यातली डोरली काढून फेकून दिली. या सहा गोष्टी सोन्याच्या मोलाच्या आहेत. कोपरगावच्या किंवा वैजापूरच्या हद्दीत यातल्या चार गोष्टी एकत्र सापडल्या तर अनुभवी हवालदाराचे कान लगेच टवकारतात. पण हा जबाब पुरवणी जबाब म्हणून तपासाच्या कागदांत लागतो आणि तिथेच राहतो. संगणकातल्या दुसऱ्या नमुन्यात परत जाऊन कोणी भरलं तर भरलं. नाहीतर पद्धतीच्या रकान्यात यादीतला शेवटचा पर्याय निवडलेला असतो: "इतर".

हे मी कोणाला दूषणं द्यायला सांगत नाही. ज्या ठाण्यात बंदोबस्त, समन्स, व्हीआयपी दौरा आणि तपास हे सगळं त्याच मोजक्या माणसांनी करायचं असतं तिथे "इतर" निवडलं जाणारच. सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या ठाण्यांत मनुष्यबळाची काय ओढाताण होते ते ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको.

नाशिकला ही अडचण जास्त जाणवते ती भूगोलामुळे. शहराला पोलीस आयुक्तालय वेगळं, ग्रामीणला अधीक्षक वेगळे, रेल्वेच्या हद्दीत लोहमार्ग पोलीस तिसरे. जिल्ह्याला अहिल्यानगर, धुळे, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, ठाणे, पालघर यांच्या सीमा लागतात, आणि सुरगाणा-पेठकडून उतरलं की गुजरातचे डांग आणि वलसाड. मुंबई-आग्रा महामार्ग जिल्ह्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. त्यात आता समृद्धीची भर. कसारा घाटात गाडी वरून खाली येईस्तोवर जिल्हा बदललेला असतो. गुन्हेगाराला हद्द नसते. तपासी अंमलदाराला असते.

म्हणूनच जिथे नोंद करणाऱ्याच्या लेखणीवर अवलंबून राहावं लागत नाही तिथे जुळणी सर्वांत भक्कम होते. बोटांचे ठसे.

या शास्त्रात आपला देश मागे नव्हता. जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, आणि ठशांच्या वर्गीकरणाचं खरं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी केलं, नाव मात्र साहेबाचं झालं. असो. आपल्या राज्यात हे काम पुण्याच्या सीआयडीच्या अंगुलीमुद्रा केंद्राकडे आहे. पूर्वी दहा बोटांच्या पत्रिका टपालाने जायच्या आणि उत्तर यायला आठवडे लागायचे. आता राज्याची अ‍ॅम्बिस प्रणाली आहे. तिच्यात बोटांबरोबर तळहात, चेहरा आणि बुबुळंही घेतली जातात. देशपातळीवर २०२२ पासून नाफिस हा ठशांचा राष्ट्रीय साठा आहे. अटक झालेल्या माणसाला तिथे दहा अंकी क्रमांक मिळतो, पहिले दोन अंक राज्याचे. तो माणूस उद्या सुरतेत किंवा इंदूरला दुसरं नाव सांगून पकडला गेला तरी बोटं तोच क्रमांक दाखवतात.

लोकांना वाटतं ते असं: घटनास्थळावर ठसा मिळाला, मशीनमध्ये टाकला, आरोपीचा फोटो आला. असं होतं, पण त्यासाठी तो माणूस आधी कधीतरी अटक झालेला असावा लागतो. खून आणि लुटीच्या मालिकेतला माणूस बऱ्याचदा तसा नसतोच. अशा वेळी घटनास्थळावरचा बेवारस ठसा साठ्यात पडून राहतो. पुढे केव्हातरी तो माणूस भलत्याच कारणाने, समजा मनमाडला मोटारसायकल चोरीत, सापडतो. त्याची दहा बोटं घेतली जातात आणि ती त्या बेवारस ठशांशी उलट्या दिशेने ताडली जातात. दोन वर्षांपूर्वीचा येवल्याचा खून आणि गेल्या वर्षीचा शिर्डीजवळचा हल्ला एकाच मोटारसायकल चोराशी जुळू शकतो तो असा. म्हणून मी तरुण अधिकाऱ्यांना सांगत आलो की किरकोळ गुन्ह्यातल्या आरोपीची बोटं घ्यायला कंटाळू नका. मशीन फक्त संभाव्य नावांची उतरंड लावून देतं. अंतिम मत ठसेतज्ज्ञ रेषा डोळ्याने मोजून देतो, आणि न्यायालयात साक्षही तोच देतो.

बोटं आणि इतर मापं घेण्याचा जुना कायदा १९२० चा होता. ऑगस्ट २०२२ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यानुसार माहिती ७५ वर्षं ठेवता येते. आधी शिक्षा झालेली नसलेला माणूस शेवटपर्यंत निर्दोष ठरला तर, न्यायालयाने कारण देऊन वेगळा आदेश दिला नसेल तेव्हा, ती नष्ट करायची असते. ही दुसरी बाजू फार कमी लोकांना ठाऊक असते. सुटलेल्या माणसाच्या वकिलाने ती मागून घ्यावी.

ठशांनंतर दुसरी उपयोगी जुळणी म्हणजे बेपत्ता माणूस आणि अनोळखी मृतदेह. तुमच्या प्रश्नात घोटी आहे म्हणून यावर जरा थांबतो. खून एका जिल्ह्यात करून मृतदेह घाटात टाकून देणं हा जुना प्रकार आहे. इगतपुरी-कसारा पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या अंमलदाराला विचारा. ज्या ठाण्याच्या हद्दीत मृतदेह मिळतो तिथे खुनाचा गुन्हा दाखल होतो, पण मेलेला कोण हेच माहीत नसतं. आणि ज्या ठाण्यात घरच्यांनी मिसिंग, म्हणजे माणूस बेपत्ता असल्याची खबर, दिलेली असते तिथे तो खून आहे हेच माहीत नसतं. दोन्ही नोंदी एकाच साठ्यात, पण एकमेकींना अनोळखी.

या दोन नोंदी भेटतात कशावर, ते बघण्यासारखं आहे. मृतदेहाच्या पंचनाम्यात लिहिलेलं असतं, "अंदाजे वय ३५ ते ४०, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात निळसर शर्ट." मिसिंगच्या अर्जात असतं, "वय ४३, रंग गहू, आकाशी रंगाचा शर्ट." संगणकाच्या लेखी ही दोन माणसं वेगळी. पाण्यात किंवा उन्हात दोन दिवस गेले की रंग आणि बांधा दोन्ही फसवतात. टिकतं ते वेगळंच: शर्टाच्या कॉलरच्या आतलं शिंप्याचं लेबल, गोंदण, सोन्याचा दात, जुन्या ऑपरेशनचा टाक्यांचा व्रण, पायातली सळई, कमरेचा करदोटा आणि त्याला बांधलेली किल्ली. लेबलावर नुसतं दुकानाचं नाव असलं तरी गाव सापडतं. गोंदण असेल तर अंमलदाराने "उजव्या हातावर गोंदलेले" एवढं लिहून थांबू नये. मनगटाच्या आत की दंडावर, देवनागरीत की इंग्रजीत, नावातली नेमकी अक्षरं कोणती, शेजारी काय चित्र. फोटो घेताना बाजूला पट्टी ठेवावी.

घरच्यांसाठीही हेच. मिसिंग द्यायला जाल तेव्हा फक्त आधार कार्डाचा फोटो देऊन येऊ नका. व्रण, दात, गोंदण, कपड्यांची शिलाई, चपलेचा नंबर, मोबाइलचा आयएमईआय हे सगळं लिहून न्या, आणि नोंदीत ते उतरलं का हे वाचून बघा. पुढे काही आठवलं तर पुरवणी जबाब द्या, "ते संगणकाच्या नोंदीत पण घ्या" असं स्पष्ट म्हणा. मृतदेह मिळाल्याचं कळून खात्री हवी असेल तर आईवडिलांचे किंवा मुलांचे रक्तनमुने डीएनएसाठी घेण्याची लेखी मागणी करता येते. बेपत्ता अठरा वर्षांखालचं असेल तर नुसती मिसिंग चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे अपहरणाचा गुन्हाच दाखल व्हायला हवा. गुन्हा कोणाच्याही हद्दीतला असो, खबर घ्यायला ठाणं नाही म्हणू शकत नाही. शून्य क्रमांकाने घेऊन पुढे वर्ग करायची.

मुलांचं निघालंच आहे तर गावित माय-लेकींचं प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, कोल्हापूर, पुणे, नाशिक अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून लहान मुलं पळवत राहिल्या. गर्दीत चोरी करताना कडेवर मूल असलं की लोकांचा संशय येत नाही, आणि पकडलं तर दया येते. म्हणून मुलं. मूल नकोसं झालं की ते मारलं जायचं. सहा वर्षं! प्रत्येक गावात मूल हरवल्याची नोंद होती. कुठे पाकीटमारीचीही नोंद होती. पण "लहान मूल कडेवर घेऊन चोरी करणाऱ्या बायका" आणि "जत्रेतून हरवलेलं मूल" या दोन नोंदी शेजारी ठेवून बघणारं कोणी नव्हतं, बघायची सोयही नव्हती. धागा शेवटी निघाला तो घरातूनच: अंजनाबाईच्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातली मुलगी पळवली गेली, आणि त्या मुलीच्या आईने संशय कोणावर ते नाव घेऊन सांगितलं. अंजनाबाई खटल्याआधीच मेली. बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली, दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

आज तीच मालिका सुरू झाली तर लवकर सापडेल का? मला वाटतं, हो. पण केवळ जाळं आहे म्हणून नव्हे. हरवलेल्या मुलाचा आता गुन्हा दाखल होतो, आणि गुन्हा दाखल झाला की तो मासिक गुन्हे बैठकीत अधीक्षकांसमोर येतो. बैठकीत दोन ठाण्यांचे प्रभारी शेजारी बसलेले असतात. कित्येक जुळण्या अजूनही तिथे, चहाच्या वेळात होतात.

परदेशात हे सगळं आपल्याआधी घडून गेलं आहे. लॉस एंजेलिसच्या पिअर्स ब्रूक्स या गुप्तहेराला १९५० च्या दशकाच्या अखेरीस एका खुन्याने आणखीही खून केले असावेत असा संशय होता. गावोगावच्या पोलिसांची नोंद एकत्र कुठेच नव्हती, म्हणून तो सुटीच्या दिवशी वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळायचा. त्याला सारखा गुन्हा सापडलाही. त्याच्या पाठपुराव्यातून १९८५ मध्ये गावोगावच्या गंभीर गुन्ह्यांची माहिती एकत्र आणणारी एफबीआयची व्हायकॅप प्रणाली सुरू झाली. गंमत अशी की तीस वर्षांनंतरही अमेरिकेतल्या सुमारे १८,००० पोलीस यंत्रणांपैकी जेमतेम १,४०० त्यात भाग घेत होत्या. सुरुवातीचा अर्ज १८९ प्रश्नांचा होता. कोण भरणार?

कॅनडाने हा धडा किंमत मोजून घेतला. पॉल बर्नार्डो या बलात्काऱ्याने नोव्हेंबर १९९० मध्ये पोलिसांना डीएनए तपासणीसाठी स्वतःचा नमुना दिला होता. प्रयोगशाळेतून त्याचं उत्तर १९९३ मध्ये आलं. मधल्या काळात मुलींचे खून झाले, तेही दुसऱ्या पोलीस दलाच्या हद्दीत, आणि दोन्ही दलं आपापल्या फायली घेऊन बसली होती. न्यायमूर्ती कॅम्पबेल यांच्या १९९६ च्या अहवालानंतर ओंटारिओ प्रांतात गंभीर गुन्ह्यांची माहिती व्हायक्लास या साठ्यात भरणं कायद्याने सक्तीचं झालं. तिथे ती वाचायला स्वतंत्र प्रशिक्षित विश्लेषक असतात, आणि फरक तिथेच पडतो. आपलं सीसीटीएनएस मुळात गुन्ह्याची नोंद ठेवण्यासाठी उभारलेलं. त्यात गुन्हेगाराचं वागणं शोधायचं काम एलसीबीच्या, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेच्या, कोपऱ्यातल्या एमओबीच्या (गुन्ह्यांच्या पद्धतींची नोंद ठेवणाऱ्या कक्षाच्या) टेबलवर येऊन पडतं. तिथे जुना हवालदार असेल तर नशीब.

वागणं कसं वाचायचं? पद्धत आणि खोड वेगळी करायची. पद्धत म्हणजे काम साधण्यासाठी केलेली गोष्ट: कडी तोडणं, तोंड बांधणं, मोबाइल फेकून देणं. ती बदलते. माणूस शिकतो, जेलमध्ये दुसऱ्याकडून शिकतो, बातमी वाचून शिकतो. खोड म्हणजे काम साधायला गरज नसताना केलेली गोष्ट. मेलेल्याचा चेहरा झाकणं, एकच ठरावीक वाक्य बोलणं, चप्पल नीट जोडून ठेवणं. ती सहसा सुटत नाही. दोन गुन्ह्यांत हत्यार सारखं म्हणून उडी मारू नका. दांडकं आणि कोयता सगळीकडे आहे. निरर्थक वाटणारी गोष्ट सारखी निघाली तर थांबा.

आणि मालिकेतली खिंडारं बघा. चार हल्ले झाले, मग चौदा महिने शांतता, मग पुन्हा दोन. मधल्या काळात माणूस गाव सोडून गेला, आजारी पडला, किंवा आत होता. न्यायालय, कारागृह, प्रयोगशाळा, अभियोग आणि पोलीस यांचे साठे आता आयसीजेएस या व्यवस्थेत एकमेकांना जोडले आहेत. त्यामुळे त्या तारखांच्या सुमारास नाशिकरोड कारागृहात कोण आलं, कोण सुटलं, हे बघता येतं. याचा उलटा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो: ज्याच्यावर सगळ्यांचा संशय आहे तो त्या रात्री आतच होता हे पाच मिनिटांत कळतं आणि एक निष्पाप माणूस वाचतो.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, सुरुवातीलाच तिच्यात ४ लाख ४० हजारांच्या आसपास नोंदी होत्या. पण ती शिक्षा झालेल्यांची. खटला चालू असलेला त्यात नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रारच झाली नाही तो कुठल्याच साठ्यात नाही. मुंबईत ऑगस्ट २०१३ मध्ये शक्ती मिलच्या आवारात छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. ती बातमी आल्यावर दुसरी एक मुलगी पुढे आली. तिच्यावर त्याच आवारात, त्याच्या तीन आठवडे आधी, तसाच अत्याचार झाला होता, आणि तीन आरोपी दोन्हींत तेच होते. पहिल्या घटनेची नोंदच नव्हती, तर जुळवणार काय?

डीएनएबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. नाशिकला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत आता न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणं नव्या कायद्यात आहे. पण ठशांसारखा डीएनएचा देशव्यापी साठा चालवणारा कायदा आपल्याकडे झालेला नाही. २०१९ मध्ये विधेयक आलं, २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे दोन गुन्ह्यांतले नमुने आपोआप एकमेकांशी ताडले जात नाहीत. तपासी अंमलदाराला आधी संशय यावा लागतो, मग त्याने पत्र लिहून "या गुन्ह्यातला नमुना त्या गुन्ह्यातल्या नमुन्याशी पडताळावा" असं मागावं लागतं. गावठी कट्ट्याचंही तसंच. त्याच्या नळीला आतून आटे नसतात, म्हणून गोळीवर वाचण्यासारख्या खुणा उमटत नाहीत. पण पिनचा ठोका पुंगळीच्या, म्हणजे रिकाम्या काडतुसाच्या, बुडाला उमटतो. पुंगळी उचलली नाही तर तो दुवाही गेला. मोबाइल टॉवरचे डंप, म्हणजे त्या वेळी टॉवरवर असलेल्या सगळ्या नंबरांच्या याद्या, काढून दोन्ही ठिकाणी सामाईक नंबर शोधणं तर आता रोजचं झालंय, त्यावर वेगळं काय लिहायचं.

आता ज्या भागाबद्दल पोलीस सहसा बोलत नाहीत तो. चुकीचा जोड हा न लागलेल्या जोडापेक्षा वाईट. इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफने तेरा बायका मारल्या. त्याची चौकशी नऊ वेळा झाली होती, पण कार्डांच्या ढिगात त्या नऊ नोंदी एकत्र आल्या नाहीत. हे सगळे सांगतात. त्याहून घातक दुसरं होतं. खुन्याच्या नावाने आलेली पत्रं आणि एक ध्वनिफीत पोलिसांनी खरी मानली, ती तपासाला जोडली, आणि ज्याचा उच्चार त्या फितीसारखा नाही त्याला वगळत गेले. फीत खोटी होती. सटक्लिफ जानेवारी १९८१ मध्ये गाडीला खोटी नंबरप्लेट लावली म्हणून गस्तीच्या पोलिसांना सापडला. मोठ्या तपासातल्या नोंदी एकत्र ठेवणारी होम्स ही संगणक प्रणाली त्यानंतरची.

आपल्याकडे जालना जिल्ह्यातलं भोकरदनचं २००३ चं प्रकरण आहे. वस्तीवर दरोडा, बलात्कार, खून. भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली, आणि त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. कारण वाचा. प्रत्यक्षदर्शी बाईने घटनेनंतर पोलिसांच्या अल्बममधले चार वेगळेच फोटो ओळखले होते. रेकॉर्डने बरोबर दिशा दाखवली असेल वा नसेल, पण तिच्यामागे कोणी गेलंच नाही. माणसं पकडली गेली ती दुसरीच.

हे का होतं त्याचं मूळ जुनं आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण नोंदवह्यांतले शेरे पुसले गेले नाहीत, ते वहीतून वहीत आणि आता वहीतून संगणकात उतरतात. अशा साठ्यात "वस्तीवरचा दरोडा" म्हणून शोधलं तर कोणती नावं वर येणार हे आधीच ठरलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हिस्ट्रीशीटमधल्या (पोलीस ज्यांच्यावर नजर ठेवतात त्यांच्या नोंदपत्रांतल्या) अशा जात-जमातीवर बेतलेल्या नोंदी तपासून बघायला राज्यांना सांगितलं ते योग्यच झालं. याच्या जोडीला आपली घरगुती खोड: एक आरोपी सापडला की हद्दीतले सगळे न उघडलेले गुन्हे त्याच्या नावावर खपवायचे. उघडकीचं प्रमाण सुधारतं. खरा माणूस मोकळा राहतो, आणि त्याची फाइल आता कोणी उघडणार नसतं.

म्हणून मी दोन गुन्हे जोडल्याचं कोणी सांगितलं की एकच विचारतो: आरोपीने असं काय सांगितलं किंवा दाखवलं, जे फिर्यादीत नव्हतं आणि बातमीतही नव्हतं? त्याचं उत्तर "त्याने कबूल केलंय" असं आलं तर तो जोड कच्चा.

कायद्यातही साठ्यातली जुळणी हा पुरावा नसतो. आरोपीचं आधीचं रेकॉर्ड वाईट आहे हे सहसा खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, प्रत्येक गुन्हा त्याच्या स्वतःच्या पुराव्यावर सिद्ध व्हावा लागतो. तुमच्या उदाहरणात घोटीच्या गुन्ह्यातला माणूस शेजारच्या जिल्ह्यातल्या खुनाशी जुळला असं धरलं, तर तिथलं ठाणं न्यायालयाकडून वॉरंट घेऊन त्याला नाशिकरोडहून ताब्यात घेतं. ओळख परेड व्हायच्या आत त्याचा फोटो कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला नसेल तर साक्षीदारांसमोर त्याला उभं करता येतं. परेड पोलिसांसमोर होत नाही, ती दंडाधिकारी घेतात. मग पुन्हा जप्ती, पुन्हा प्रयोगशाळेला पत्र, वेगळं दोषारोपपत्र. यात वर्ष सहज जातं, आणि तोवर बाहेर फक्त एवढीच बातमी असते की पोलिसांनी दोन खून उघडकीस आणले.